तळं क्रमांक दोन

अंडं फोडलं आणि तिचा हात कढईवरच थबकला. बलक नारिंगी होता, चांगला गर्द, जवळजवळ तांबूस. तेलात तो थरथरत बसला आणि कडेचं पांढरं फुलायला लागलं. तिनं दुसरं फोडलं, तेही तसंच. मागे तिची लेक एका खुर्चीत बसून दुसरीवर सुजलेले पाय टाकून वाट बघत होती. तिला सातवा महिना लागला होता, जावई कामानिमित्त दूर होता, आणि डॉक्टरणीनं रोज दोन अंडी खा म्हणून बजावलं होतं. अंडी यायची धाकट्या बहिणीकडून, तिनं गच्चीवर पाळलेल्या कोंबड्यांची, आठवड्यातून दोनदा, गेले पाच महिने. एरवी लेक आपली आपण उकडून घ्यायची, तोवर ही कामावर गेलेली असायची. आज पाय फारच सुजले म्हणून ही गॅसपाशी उभी राहिली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्या अंड्याच्या आत बघितलं. लेक म्हणाली, मावशीच्या अंड्यांना हल्ली काय रंग येतो बघ, दुकानातली अगदीच फिकट वाटतात यापुढे. तिनं गॅस बंद केला. बलकाला रंग कुठून येतो हे तिच्या हातांना तिच्याआधी कळलं होतं.

कोंबडी बिचारी रंग बनवत नाही. खाते तो रंग बलकात उतरवते. झेंडूनं उतरतो, मक्यानं उतरतो, आणि शेवाळानं उतरतो तो असा. नऊ वर्षं शेवाळाखेरीज दुसरं काही न केलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. तरीही तिनं फोन लावला, कारण माणसाला खोटं ठरायची आशा असते. काय घालतेस गं कोंबड्यांना, तिनं शक्य तितक्या सहज विचारलं. धाकटी खुशीत होती. खाद्याच्या दुकानात नवी हिरवी भुकटी आलीय, चारा म्हणून मिसळायची, अंडी बघ कशी झालीत. आणि मग ती म्हणाली, "अगं, गोणीवर तुमच्या कारखान्याचा शिक्का आहे, म्हणून तर घेतली. म्हटलं, आपल्या ताईचं शेवाळ. त्याला काय बघायचं?" यावर ताईनं फक्त एवढंच सांगितलं की आजपासून घालू नकोस, मी नंतर बोलते, आणि फोन ठेवला. मग कढई उचलून कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. लेक बघतच राहिली. काय झालं म्हणून विचारलं तर ही म्हणाली, शिळी आहेत. काल आलेली अंडी शिळी? तर म्हणाली, हो, शिळी. उरलेली चार अंडी तिनं पंच्यात गुंडाळली, पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डबा पिशवीत टाकला. कशासाठी, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. घरात ठेवायची नव्हती, इतकंच.

कारखाना चालत वीस मिनिटांवर होता. रोज ती वीस मिनिटं तिच्या हक्काची असायची. आज मात्र पाय इतके जोरात पडत होते की समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते आपलं म्हणायला, असं तिला आजवर वाटायचं. आज ती आग पोटरीतून, गुडघ्यातून वर चढताना तिला सरळ कळत होती. गाढवं, ती पुटपुटली. नालायक, हरामखोर गाढवं. कातडी कमावण्याचा कारखाना तो. मोठाल्या लाकडी पिंपांत ओली कातडी आणि क्रोमचं मीठ घालून पिंपं गरागरा फिरवायची, मग कातडं निळं होऊन बाहेर पडायचं, आणि त्याच्या मागून निळं पाणी. क्रोम धातू आहे. पाण्याबरोबर तो गेला की नदीत जातो, मातीत जातो, भाजीत जातो. शेवाळ ते पाणी स्वच्छ करतं, पण करतं म्हणजे काही जादू करत नाही. डोळ्यांना दिसणारही नाहीत असे हिरवे कण असतात, त्यांच्या अंगाला तो धातू चिकटतो, आणि पाणी निवळतं. घाण कुठे नाहीशी होत नाही. ती फक्त पाण्यातून शेवाळात जाते. म्हणून शेवाळ गाळायचं, वाळवायचं, भुकटी करायची आणि ती भुकटी कारखान्यामागच्या भट्टीत जाळायची. राखेतून क्रोम परत काढायचा आणि पिंपांत परत घालायचा. हे तिनं ठरवलेलं होतं. कागदावर काढून, बाण दाखवून, सगळ्यांना समजावून, शाळेतल्या पोरांना समजावतात तसं समजावून. त्या कागदात कोंबडी कुठेही नव्हती.

शेवाळ सापडलं तेसुद्धा तिलाच. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा ती कारखान्यात नुसती पाणी तपासणारी बाई होती. बाटल्या भरायच्या, थेंब टाकायचे, रंग बघायचा, आकडा लिहायचा, आणि आकडा वाईट आला की वरच्यांनी तो न वाचायचा. घरी जायला नको वाटे म्हणून ती कारखान्याच्या मागे नाल्याच्या काठावर उगाच उभी राहायची. तिथे पाइपातून निळं पाणी पडायचं. खाली दगडसुद्धा पांढरे पडले होते, गवताचं पातं नव्हतं, डास नव्हते, आणि त्या पाइपाच्या तोंडाला, नेमकं जिथे काहीही जगू नये तिथे, बोटभर हिरवा पट्टा होता. ती पायताण काढून आत उतरली, चमच्यानं तो खरवडला आणि औषधाच्या बाटलीत भरला. त्या दिवशी तिला भूक लागली, दीड वर्षानं. लोकांना हे सांगण्यासारखं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलंही नाही. पुढे बाटलीची बरणी झाली, एका बरणीच्या पाच झाल्या. नळाचं पाणी, मोजून घातलेलं खत, हवेची नळी, उत्तरेची खिडकी. या पाच बरण्यांना ती विरजण म्हणायची. तळ्यातलं शेवाळ कधी दगावलं, किडीनं खाल्लं, तर बरणीतलं घालून तळं पुन्हा लावायचं. म्हणून बरण्यांत मात्र घाणीचा थेंब जाऊ द्यायचा नाही. मग तीन लांबट तळी झाली, त्यांत पाणी ढवळणारी चाकं आली, नाल्याचं पाणी निवळलं, कारखान्यात सगळे तिला शेवाळबाई म्हणायला लागले. चिडवण्यासाठीच म्हणायचे, पण तिला ते आवडायचं. पाहुणे आले की तिला बोलावणं यायचं. ती हात पुसत पुसत जायची आणि जीव तोडून सांगायची. मूर्ख, ती आज स्वतःला म्हणाली. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की चढत गेलीस.

ती आधी कचेरीत गेली नाही. तळ्यांच्या कडेनं सरळ मागे भट्टीकडे गेली. चाकं आपली संथ फिरत होती, हिरवं पाणी कडेला येऊन परत जात होतं, आणि ज्यानं एरवी तिला बरं वाटायचं तो आवाज आज कुणी तोंडावर हसल्यासारखा वाटला. भट्टीचं लोखंडी दार उघडंच होतं. आत राख नव्हती. काळ्या विटांवर एक गोणपाट पसरलेलं होतं, त्यावर भुरं मांजर आणि त्याची तीन पिल्लं, आता बरीच मोठी झालेली, आणि दाराशी ताटली. ताटली तिची होती. तिच्या डब्याचं झाकणच ते. चहातलं उरलेलं दूध ती रोज आणून त्यात ओतायची, मांजर बाहेर आलं की त्याच्या कानामागे खाजवायची आणि परत जायची. पंपावरचे काका पाना घेऊन तिथूनच चालले होते. साठी उलटलेला माणूस, कमी बोलायचा. तिनं विचारलं, भट्टी कधीपासून बंद आहे. काकांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नाही? गेल्या हिवाळ्यापासून. गोण्या सरळ ट्रकमधून जातात की. अहो बाई, मांजरीला दूध तर तुम्हीच घालता."

हे त्यांनी खवचटपणे म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते बसलं. महिनोन्‌महिने ती थंड भट्टीत वाकून दूध ओतत होती आणि भट्टीत मांजर कसं, हा प्रश्न तिला पडला नव्हता. की पडला होता? तिथे उभ्या उभ्या तिनं आठवून बघितलं. ट्रक तिनं बघितला होता. गोण्या मोजून चढवल्या जाताना बघितल्या होत्या. राख तपासायला आली नाही, एक महिना, दोन महिने, आणि तिनं मनाशी म्हटलं होतं की करत असतील दुसरीकडे कुठेतरी. कुठेतरी! आकडे न वाचणाऱ्या वरच्यांवर नऊ वर्षं तोंडसुख घेतलेल्या बाईनं स्वतः एक साधी रिकामी भट्टी वाचली नव्हती. राग आत वळायला लागला तसा तिनं तो पुन्हा बाहेर ढकलला. आधी साहेब, मग बाकीचे. मांजर येऊन पायाला अंग घासायला लागलं. तिनं पाय ओढून घेतला.

साहेबांना रागावता येत नसे. हा त्यांचा मोठाच गुण मानला जायचा. मऊ आवाज, स्वच्छ नखं, समोरच्याला आधी बसवायचं, पाणी विचारायचं, मग आपल्याला हवं ते सगळं अलगद करून घ्यायचं. बसा बाई, त्यांनी म्हटलं. ती बसली नाही. भुकटी जाळायची ठरली होती, ती कोंबड्यांना कशी गेली, हे तिनं उभ्यानंच विचारलं आणि तिचा आवाज बाहेर टाइप करणाऱ्यापर्यंत गेला असावा, कारण टकटक थांबली. साहेब जराही दचकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला, कौतुकानं उजळतो तसा. म्हणाले, अहो तुमचंच तर यश आहे ते. आम्हीही घाबरतच होतो. पण तपासणीचा अहवाल आला आणि क्रोम सापडतच नाही म्हणे, शून्य. इतकी शुद्ध वस्तू जाळायची कशी? आणि त्यांनी खुर्चीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक चौकट होती. ती या खोलीत आली की समोरच दिसायची, आणि असेल पाण्याबद्दल काहीतरी असं समजून तिनं ती कधी वाचली नव्हती. आज ती टेबलाला वळसा घालून गेली आणि काचेला नाक लावून वाचलं. शेवाळ भुकटी. क्रोम : आढळत नाही. कोंबडी व मासे यांच्या खाद्यासाठी योग्य. खाली नमुन्याच्या बाटलीचा फोटो होता, बाटलीवर लेबल होतं, आणि लेबलावर तळं क्रमांक दोन असं लिहिलं होतं. ळ ला तिची ती लांब शेपटी होती. अक्षर तिचं होतं.

सात महिन्यांपूर्वीची सकाळ तिला इतकी लख्ख आठवली की तिनं चौकटीला हात टेकला. साहेबांनी निरोप पाठवला होता, शेवाळाचा नमुना हवाय बाहेर पाठवायला, जरा चांगलासा द्या. कशाला, ते निरोपात नव्हतं; तिला वाटलं प्रदर्शन असेल, गेल्या वर्षी होतं तसं. आणि त्या आठवड्यात तळी बघवत नव्हती. पाण्यात बारीक किडे झाले होते, ते शेवाळ खात होते, दोन नंबरचं तळं तर मळकट तपकिरी पडलं होतं, वर फेस. ती तीन दिवस धड जेवली नव्हती. असलं शेवाळ लोकांना दाखवायचं? पोर आजारी असलं, अंगाला खरूज असली, तर आई त्याला फोटोला उभं करते का? तिनं बाटली घेतली होती, तळ्यापर्यंत गेलीही होती, वाकली होती. आणि परत आली. खिडकीतल्या पाच बरण्यांपैकी चौथी सगळ्यांत हिरवी होती. तिनं त्यातलं गाळलं, छोट्या भट्टीत मंद वाळवलं, खलात स्वतःच्या हातानं घोटलं, जेवढी घोटली तेवढी तकाकी आली, आणि बाटलीत भरून काचेवर बोटाचा ठसा राहिला तो पदरानं पुसला. मग लेबल. बरणी क्रमांक चार असं लिहायला तिनं पेन टेकवलंसुद्धा होतं. पण वाचणाऱ्याला काय कळणार बरणी म्हणजे काय, त्यांना तळी ठाऊक. शेवटी तळ्यातलंही हेच शेवाळ, हिचंच लेकरू, नाव तळ्याचं लिहिलं म्हणून काय बिघडलं? तिनं लिहिलं, तळं क्रमांक दोन. त्यात फसवण्याचा विचार नव्हता. अभिमान होता, आणि जरा लाज. एवढ्यावर कितीतरी गोण्या गेल्या होत्या, किती गच्च्यांवर, किती खुराड्यांत, किती कढयांत, आणि एका पोटात, जिथे अजून जन्मही न झालेलं कुणीतरी पाच महिने रोज दोन अंड्यांवर वाढत होतं.

तिनं मागे वळून सांगून टाकलं. तो नमुना तळ्यातला नव्हता. बरणीतला होता. त्या शेवाळानं कारखान्याचं पाणी जन्मात बघितलेलं नाही, त्यात क्रोम सापडेल कसा? साहेबांनी चौकटीकडे मान वळवली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं त्यानं तिचा उरलासुरला आधार गेला, कारण तिला दिसलं की हा माणूस आत्तापर्यंत खरंच जाणत नव्हता. ती सकाळपासून ज्याला शिव्या घालत आली होती त्यानं फक्त एका कागदावर विश्वास ठेवला होता, आणि कागदावर विश्वास ठेवला होता तो तिच्या अक्षरामुळे. तिचा राग हवेत हात मारल्यासारखा झाला. पण फार वेळ नाही. साहेबांनी टेबलावरची टाचणी उचलली, डबीत ठेवली, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हळूच बंद झालं.

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं समजू," ते म्हणाले.

"मी सांगितलंय."

"दुपारी प्रयोगशाळेचा माणूस येतोय, सहामाही नमुना न्यायला. मागच्या वेळी जसा दिलात तसाच द्या."

"मागच्या वेळी मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आताही नाही."

मग त्यांनी समजूत घातली. भुकटीवर आता चाळीस माणसांचं काम अवलंबून आहे, एवढासा क्रोम अंड्यात किती उतरतो हे कुणी सिद्ध केलंय, हळूहळू भट्टीचंही बघू, एकदम बोभाटा कशाला. तिनं म्हटलं मी तळ्यातला देईन. त्यावर ते जरा खिन्नपणे हसले आणि म्हणाले की द्या की, पण बाटली रस्त्यात फुटते, नमुना दुसऱ्यांदा मागवावा लागतो, बरण्यांच्या खोलीची एक किल्ली कचेरीतही असते. हे धमकीच्या सुरात नव्हतं. ते नुसतं खोलीची व्यवस्था सांगत होते. आणि शेवाळबाईला कळलं की स्वच्छ शेवाळ कुठे मिळतं हे आत्तापर्यंत जगात फक्त तिला ठाऊक होतं, आणि दोन मिनिटांपूर्वी तिनं स्वतःच्या तोंडानं त्याला जागा दाखवली होती.

बरण्यांच्या खोलीत नेहमीसारखा ओलसर, कोवळ्या गवताचा वास होता. पाचही बरण्यांत बुडबुडे वर जात होते. उत्तरेचा उजेड त्यांतून येऊन समोरच्या भिंतीवर हिरवा पडायचा आणि हलायचा. लेक शाळेत होती तेव्हा सुट्टीत इथे येऊन त्या उजेडात हात धरून बसायची. इथे ती कधी कुणावर चिडली नव्हती. आज ती स्टुलावर बसली आणि तिला बरण्यांचासुद्धा राग आला. कसलं हे सोवळं. नाल्याच्या तोंडाशी, विषात, स्वतःच्या जोरावर जगलेली जात ही, आणि तिला आपण नऊ वर्षं नळाचं पाणी पाजून, पुसून, कवटाळून अशी केली की ती आता फक्त फोटोच्या कामाची. पिशवीतला फोन वाजला. लेक होती. मावशीचा फोन आला होता, ती घाबरलीय, कोंबड्यांना काय झालंय म्हणे, आणि तू सकाळी खोटं बोललीस ना? तिच्या जिभेवर पुन्हा 'शिळी' आलं. ते तिनं गिळलं. आणि सांगितलं, सगळं, क्रमानं, पाण्यापासून बाटलीपर्यंत, आणि लेबल कुणी लिहिलं तेही.  पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, घरच्या पंख्याचा, ज्याला तेल घालायचं राहिलं होतं.

"आणि त्यानं होतं काय?" लेकीनं शेवटी विचारलं.

"माहीत नाही. कदाचित काहीच नाही. अंड्यात किती उतरतं, कुणी मोजलंच नाही."

"तू मोजतेस ना सगळं?" लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण आईशी ती अशी कधी बोलली नव्हती. "जन्मभर तेच केलंस ना? मग मोज."

फोन बंद झाला.  रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो रागच, मात्र सकाळचा नव्हे. सकाळचा सैरावैरा होता, साहेबावर, ट्रकवर, मांजरावर. हा शहाणा होता. त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. ती उठली आणि पहिल्या बरणीची हवेची नळी काढली. बुडबुडे थांबले.

बरणी भरलेली, काचेची, वीस लिटरची. एकटीला उचलायची म्हणजे कंबर मोडायची. पहिली तिनं छातीशी धरून नेली, पाणी हिंदकळून पोलकं भिजलं. दोन नंबरच्या तळ्याच्या कठड्यावर तिनं ती टेकवली आणि कलती केली. बरणीतलं शेवाळ कोवळ्या पानासारखं होतं, तळ्यातलं जून, काळपट. क्षणभर त्या गढूळ पाण्यात हिरवी जीभ दिसली, मग चाक आलं आणि त्यानं ती आत ओढली. पंपावरचे काका धावत आले. त्यांना वाटलं, बाईंची काही चूक होतेय. अहो हे तर विरजण, ते म्हणाले, उद्या तळं बसलं तर लावायला काय राहील? तिनं सांगितलं, काही राहणार नाही.  ती दुसरी आणायला निघाली तेव्हा ते पाना खाली ठेवून मागोमाग आले आणि काही न विचारता बरणीला एका बाजूनं हात लावला. दुसरी, तिसरी. चौथीपाशी ती थांबली. हीच ती. काचेवर अजून तिच्या पदराचा एक धागा चिकटून सुकलेला होता. तिला वाटलं ही एक ठेवावी, घरी न्यावी, कपाटाच्या वर लपवावी, कुणाला कळणार आहे? हा विचार इतका गोड होता की तिला त्याची किळस आली. असाच गोड विचार तिनं सात महिन्यांपूर्वी केला होता. तिनं चौथीही ओतली, आणि पाचवी. मग छोट्या बाटल्या, चाचणीच्या नळ्या, फ्रिजमधल्या दोन बशा. रिकाम्या बरण्या तिनं गरम पाण्यानं खळखळून धुतल्या आणि खिडकीत उपड्या मांडल्या. भिंतीवर आता साधा पांढरा उजेड होता. नऊ वर्षांत तिला ती भिंत कसल्या रंगाची आहे ते कधी दिसलंच नव्हतं. मळकट होती, पोपडे आले होते.

प्रयोगशाळेचा माणूस तीनला आला. स्कूटरवर खोकं बांधलेला, तरतरीत, टापटिपीचा. मागच्या बाटलीची त्याला आठवण होती, इतका सुंदर नमुना आपण कधी बघितला नाही, असं तो आल्या आल्याच म्हणाला. कचेरीच्या खिडकीत साहेब उभे होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या माणसाला बरोबर घेऊन ती गोण्यांच्या शेडमध्ये गेली, दोन नंबरच्या तळ्याच्या गोण्या दाखवल्या, आणि बाटली त्याच्याच हातानं भरून घेतली. भुकटी मळकट होती, खडबडीत, तिच्यात किड्यांची कवचं होती. त्यानं बाटली उजेडात धरली, जरा ओशाळल्यासारखा झाला आणि म्हणाला, या वेळी रंग काही तितका बरा आला नाही बाई. ती म्हणाली, रंग हाच आहे. मग तिनं अर्ज मागितला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की मागचा नमुना तळ्यातला नव्हता, स्वच्छ पाण्यात वाढवलेल्या शेवाळाचा होता, तो मी दिला, लेबलही मीच लिहिलं, ते खोटं आहे. रकाना पुरला नाही म्हणून तिनं खालच्या समासात पुढे लिहिलं, सही केली आणि अर्जाच्या कार्बनची प्रत काढून घडी करून पोलक्यात ठेवली. तो माणूस वाचत गेला तसा त्याचा तरतरीतपणा उतरत गेला. काहीतरी विचारावं असं त्याच्या मनात आलं असणार, पण तेवढ्यात तिनं पिशवीतून पोळ्यांचा डबा काढला, पंचा सोडला आणि चार अंडी शेडमधल्या टेबलावर एकेक करून ठेवली.

हीसुद्धा न्यायची आहेत, तिनं सांगितलं. बलक वेगळा तपासा, पांढरं वेगळं. तपासणीचं जे काय होईल ते ती स्वतः भरणार होती, आणि अहवाल कारखान्यात पाठवायचा नव्हता, तिच्या घरी पाठवायचा होता, लेकीच्या नावानं. त्या माणसानं खोक्यात कापूस चाचपला. काम म्हटलं की त्याला हुरूप यायचा, तसा तो थोडा सावरला. त्यानं कोऱ्या लेबलांची पट्टी तिच्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. ती खुर्चीत बसली. पहिलं लेबल अंड्यावर नीट चिकटेना, कवच गोल होतं, तेव्हा तिनं अंडं डाव्या तळहातात घट्ट धरलं आणि अंगठ्यानं ते दाबून बसवलं. मग लिहिलं. शेपटीचा ळ, जसाच्या तसा. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर.

त्यानं एक अंडं उचलून वाचलं आणि गोंधळून तिच्याकडे बघितलं.

"बाई, चुकून तळं क्रमांक दोन लिहिलंत यावर."

"नाही," ती म्हणाली. "या वेळी बरोबर लिहिलंय."